खंजरसिंग आणि वामनरावांची कुजबूज

वामनराव भोयरांचा चेहरा ओळखणारा एकही प्रेक्षक झाडीपट्टीत सापडणार नाही. त्यांचा आवाजही कोणी ऐकलेला नाही. पण त्यांनी उच्चारलेलं वाक्यन् वाक्य हजारो माणसांनी ऐकलं आहे, कारण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

ते आमच्या नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर होते. नागपूरच्या पूर्वेला झाडीपट्टी हा धानाचा मुलूख आहे, तिथं धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. रंगमंच म्हणजे फळ्या आणि त्यासमोर खणलेला कमरेइतका खड्डा. त्या खड्ड्यात कंदील, वही आणि वामनराव. वर आम्ही राजे, दरोडेखोर आणि व्याकूळ पती. फुलांचे हार आमच्या गळ्यात पडत आणि त्यांतल्या पाकळ्या खाली वामनरावांच्या वहीवर.

त्यांची कुजबूज हा एक चमत्कार होता. ज्याला वाक्य हवं असेल फक्त त्याच्याच कानात ती जायची, शेजारी उभ्या नटाला पत्ता लागत नसे. एकदा मला सडकून ताप भरलेला असताना मी राजदरबाराचा प्रवेश केला. अडीच पानं डोक्यातून साफ पुसली गेली होती. वामनरावांनी शब्द न् शब्द खालून वर दिला. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं पाया पडायला आली. मी वामनरावांना म्हणालो, "काल तुम्ही होता म्हणून वाचलो." ते म्हणाले, "कुठं? काल तर तुमचं सारं पाठ होतं."

मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा नव्हती. ज्याचं वाक्य त्याला दिलं की त्याविषयी पुन्हा बोलायचं नाही, खुद्द त्याच्याशीसुद्धा नाही, हा त्यांचा नेम होता. बावीस वर्षांत कोण किती वेळा अडखळला हे एकट्या त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते कोणालाही कळू दिलं नाही.

एकाहत्तर साली मंडळी बंद पडली. मी नागपुरात महाल भागातल्या माझ्या घरी परतलो. वामनरावांना पुढं कोराडीच्या वीज केंद्रात टाइम ऑफिसात नोकरी लागली आणि वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. त्यांच्या बायकोचं नाव पंचफुला. ती कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसायची आणि वाळल्यावर कपडे झटकायची, कारण केंद्राच्या चिमण्यांची राख तिथं तुळशीच्या पानापासून भाताच्या शितापर्यंत सगळीकडे बसायची. मुलगी देवकी, मी सांगतोय त्या वेळी आठ-नऊ वर्षांची. महिन्यातून एकदा मी बसनं कोराडीला जायचो, पंचफुलावहिनींच्या हातची भाकर खायचो आणि जुन्या प्रवेशांच्या गोष्टी सांगून संध्याकाळच्या बसनं परत यायचो.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात त्या घरात चौथा प्राणी आला.

कोळशाचे ट्रक उभे राहत त्या रस्त्याला एक पंक्चरवाला होता, त्याच्यामागं वीटभट्टी. भट्टीच्या खड्ड्यात रविवारी कुत्र्यांच्या झुंजी लागत. पैजा मारणारे कडेनं उभे राहून ओरडत आणि खाली दोन मुके जीव एकमेकांना फाडत. वामनराव ड्यूटीवरून सायकलनं येत होते. त्यांना ट्रकच्या मोडक्या ॲक्सलला साखळीनं बांधलेलं एक कुत्रं दिसलं. डावा कान फाटलेला, छातीवर जखमा, अंगभर राख. त्याचा मालक रामाजी बाजूला विडी ओढत बसला होता.

"हरला," रामाजी म्हणाला. "आता कामाचा नाही. न्यायचा असंन तर ने, नाही तर मरतेच हा संध्याकाळपर्यंत."

वामनराव त्या कुत्र्याजवळ राखेत बसले आणि त्यांना येत होतं तेवढंच त्यांनी केलं, कुजबुजत राहिले. काय बोललात असं मी पुढं विचारलं तेव्हा ते लाजले. म्हणाले, "काय बोलीन? तुमच्या राजाचं भाषण म्हणलं. दुसरं काही पाठ नव्हतं." भाषण संपेस्तोवर त्या कुत्र्यानं आपलं डोकं वामनरावांच्या चपलेवर ठेवलं होतं. वामनरावांनी त्याला पोत्यात घालून कॅरिअरवर बसवलं. त्याचं तोंड आपल्या कमरेला टेकलेलं ठेवून ते सायकल हातानं ढकलत घरी आले.

पंचफुलावहिनी दारात उभ्या.

"हे काय आनलं? डुक्कर हाये का कुत्रा?"

"कुत्रा हाये."

"मंग तोंड असं काहून?"

"मार खाल्ला वं त्यानं."

"मार तं मीही खाल्ला लहानपनी. माहं तोंड झालं का असं?"

वामनराव जखमा पुसायला पाणी आणायला आत गेले, आणि ते शहाणपणाचं होतं.

गवळ्यांच्या म्हशी पाहायला येणारे गुरांचे डॉक्टर वसाहतीत आले तेव्हा त्यांनी जखमा धुतल्या, मलम दिलं. पुढच्या खेपेला एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. त्यात एक फोटो होता, हुबेहूब हाच. चौकोनी डोकं, रुंद छाती, आखूड पाय, वाघासारखे फिकट पट्टे आणि या कानापासून त्या कानापर्यंत फाकलेलं तोंड.

"स्टॅफर्डशायर बुल टेरियर," डॉक्टर म्हणाले. "मँगनीजच्या खाणीवर पूर्वी कोणी गोरे साहेब होते, त्यांनी जोडी आणली असणार. साहेब गेले, पिल्लं या हातून त्या हातात गेली. लढवण्यासाठी लोक याला वापरतात. पण पुस्तकात लिहिलंय की माणसांवर, खास करून लेकरांवर, याचा फार जीव असतो."

"पुस्तकात लिवलं, ते यानं वाचलं हाये का?" पंचफुलावहिनींनी विचारलं.

एवढं बोलून त्यांनी त्याच्यासाठी भाकर दुधात कुस्करली, आणि ती गार होईपर्यंत फुंकर घालत बसल्या.

आता माझी चूक सांगतो. एक नव्हे, दोन केल्या. पहिली नावाची.

मी त्या महिन्यात गेलो तेव्हा तो माझ्याकडे पाहत दारात उभा होता. त्या जबड्याकडे बघून माझ्यातला जुना नट जागा झाला. आमच्या मंडळीच्या एका नाटकात मी अकरा वर्षं खंजरसिंग नावाचा दरोडेखोर केला होता. माझ्या नुसत्या एंट्रीला पुढच्या रांगेतल्या बाया लेकरांचे डोळे झाकत. मी म्हणालो, "वामनराव, हा खंजरसिंग. याला दुसरं नाव शोभायचं नाही."

वामनराव माझा शब्द मोडत नसत. वसाहतभर नाव झालं, खंजरसिंग. नाटकातल्या माणसाला वाटतं की नाव हा पोशाख आहे, घातला आणि उतरवला. लोकांना तसं वाटत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. पंचफुलावहिनींनी मात्र ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. त्या त्याला 'टोणग्या' म्हणत.

हा खंजरसिंग कशाला भीत नसे ते सांगणं सोपं आहे, कारण यादी फार छोटी होती. कुकरची शिट्टी झाली की तो खाटेखाली. केंद्राचा भोंगा वाजला की खाटेखाली. डोकं आत आणि मागचा अर्धा भाग बाहेर, आपण कोणाला दिसत नाही अशा खात्रीनं. सगळ्यांत जास्त भ्यायचा तो माणसाच्या ओरडण्याला. कोणी आवाज चढवला की त्याचे पाय लटपटत. झुंजीच्या खड्ड्याच्या कडेवरून त्यानं माणसाचा तेवढाच आवाज ऐकला होता. पण कुजबुजलं की यायचा. कुठंही असो, अंगणात, दुसऱ्या खोलीत, झोपेत, हळू आवाज कानावर पडला की उठून त्या आवाजापाशी येऊन बसायचा.

पंचफुलावहिनींचा आवाज तिसऱ्या क्वार्टरपर्यंत जाई. त्या दूधवाल्याला आपल्या चुलीजवळून हाक मारत आणि तो रस्त्यावरून ओ देई. त्या बाईनं महिन्याभरात बोलणं खाली आणलं. आधी त्याच्यापुरतं, मग देवकीशी, मग नवऱ्याशी.

"बावीस सालं संसार केला," वामनराव मला म्हणाले, "मले नाही जमलं ते यानं केलं."

"आयकू येऊन राहिलं बरं मले," आतून हळूच उत्तर आलं.

मंडळी मोडली तेव्हा वाटणीत वामनरावांनी दुसरं काही मागितलं नव्हतं, लाल मखमली पडद्याचा एक तुकडा तेवढा आणला होता. तो आता कुत्र्याचं अंथरूण झाला. देवकी त्याच्या पोटाला टेकून धडा वाचायची, आणि तो तिच्या पाटीवरची पेन्सिल चाटून पांढरी जीभ घेऊन हिंडायचा. एकदा मी वामनरावांना विचारलं, "एवढा जीव कसा लागला हो तुमचा?" त्यांनी त्याच्या अंगाखालचा पडदा सारखा केला. मग म्हणाले, "तोही खड्ड्यातला, मीही खड्ड्यातला. माहा खड्डा बरा होता, मार्तंडराव. वरून फुलं पडत."

दुसरी चूक अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीतली.

वसाहतीच्या गणपतीत नाटक बसवायला मला बोलावत. त्या वर्षी मी आमचं जुनं दरोडेखोराचं नाटक घेतलं. खंजरसिंगाचं काम मनोहररावांकडे होतं. ते भांडार विभागात हेडक्लार्क आणि वसाहतीच्या समितीचे सचिव. काटेकोर माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. नाटकाची हौस मात्र लहान पोरासारखी. तालमीला सगळ्यांच्या आधी यायचे.

तालमीत वामनराव डाव्या विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्ट करत आणि कुत्रा त्यांच्या पायाशी झोपलेला असे. काही अडचण नव्हती. पण प्रयोगाच्या संध्याकाळी डाव्या विंगेत गर्दी झाली, पेटीवाला, तबलेवाला, भाले घेतलेले चार दरोडेखोर. मी दिग्दर्शक होतो. मी हुकूम सोडला, "कुत्रा उजव्या विंगेत न्या." उजवीकडे पंचफुलावहिनी तलवारी आणि मशाली हातात द्यायच्या कामावर होत्या. त्यांनी त्याचा पट्टा आपल्या खुर्चीच्या पायाला अडकवला.

चाळीस वर्षं रंगमंचावर घालवलेल्या माणसाला कळायला हवं होतं. कुजबूज डावीकडे आणि कुत्रा उजवीकडे ठेवला, तर मधे नाटक येतं.

मनोहररावांची एंट्री झोकात झाली. मिशा, मुंडासं, धोतराचा सोगा, उपसलेली तलवार. पहिलं वाक्य म्हणाले, टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत दुसरं वाक्य वाहून गेलं. मी समोर पहिल्या रांगेत होतो. त्यांची नजर थिजलेली मला दिसली. ती नजर मी ओळखतो. प्रेक्षकांना वाटलं, खंजरसिंग रोखून पाहतो आहे. डाव्या विंगेतून वामनरावांनी वाक्य दिलं. मनोहररावांना घेता आलं नाही. पुन्हा दिलं.

उजव्या विंगेत खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

आमचा खंजरसिंग रंगमंचावर आला. धावला नाही, भुंकला नाही. मान खाली, शेपूट हलवत, आपल्याला बोलावलं आहे म्हणून निघालेल्या माणसासारखा सरळ रेषेत चालला. पट्टा मागून फरफटत होता. त्या सरळ रेषेत मनोहरराव उभे होते. पट्टा त्यांच्या पायात आणि सोगा कुत्र्याच्या पायात. नाटकातला खंजरसिंग तलवारीसकट गुडघ्यावर आदळला आणि धोतर कुत्र्याबरोबर डाव्या विंगेत गेलं.

सारी वसाहत हसली. बायका, पोरं, साहेब लोक, सगळे. तो हसण्याचा कल्लोळ ऐकून कुत्रा वामनरावांच्या पायांवर बसला आणि त्यानं तिथंच पाणी सोडलं. मनोहरराव चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, मिशा हातात, उठून आत गेले. त्यांचा चेहरा मी पाहिला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी पसरली की कुत्रा चावला. गुडघा खरचटला होता, त्याला दात लागले असं झालं. आठवडाभरात अर्ज तयार झाला, खाली पंचवीस-तीस सह्या. 'खंजरसिंग नावाचा हिंस्र झुंजीचा श्वान वसाहतीत राहतो.' ते नाव मी ठेवलेलं. समितीचं पत्र आलं. रविवारी सभा आहे, सभेत ठरेल, कुत्रा हलवायचा किंवा क्वार्टर सोडायचं. आणि हलवायचा कुठं, याचीही सोय झाली होती. कुत्र्याचा मूळ मालक त्याला घेऊन जायला तयार होता. वीटभट्टीवर रामाजी सांगत होता की जनावर चांगलं पोसलं आहे, आता पुन्हा खड्ड्यात उतरवतो.

शनिवारी मी कोराडीला गेलो. कुत्रा पडद्यावर झोपला होता.

"सरळ गोष्ट आहे," मी म्हणालो. "मनोहरराव वाक्य विसरले. तुम्ही दिलं. कुत्रा तुमच्या आवाजामागं आला. एवढं सांगितलं की हल्ला नव्हता हे लहान पोरालाही कळेल."

"ते नाही सांगता येत," वामनराव म्हणाले.

"काहून नाही येत?" पंचफुलावहिनी पुढं आल्या. चेहरा लाल झाला होता, पण आवाज कुजबुजीचा. "त्या मानसानं याले चावरा ठरवला. तुमी तोंड उघडत नाही."

"कोनाचं वाक्य गेलं, हे सांगाचं नसते वं."

"मंडळी बंद पडून सात सालं झाले. कोन पाहून राहिलं तुमाले?"

"कोनीच नाही. कधीच नव्हतं पाहत."

"मंग उद्या रामाजीच्या हातात साखळी तुमीच द्या. मी नाही देनार. अन् पोरीले तुमीच सांगा."

इतकं कडाक्याचं भांडण इतक्या हळू आवाजात चाललेलं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. मधेच कुत्र्यानं एक डोळा उघडला. दोघंही एकदम गप्प झाले, आणि वहिनींनी त्याच्या अंगावर पडद्याचं टोक ओढलं.

"वामनराव," मी म्हणालो, "उद्या मी बोलतो."

"बोला," ते म्हणाले. "पन ते नाही."

रविवारी सकाळी मनोरंजन केंद्राच्या हॉलमध्ये सभा भरली. अध्यक्ष अनंतराव, बॉयलर विभागाचे इंजिनीअर, शांत गृहस्थ. शेजारी महिला मंडळाच्या यमुताई, अर्जावर पहिली सही त्यांचीच. टोकाला मनोहरराव, गुडघ्यावर पट्टी. दाराशी रामाजी उभा, हातात साखळी. वामनराव कुत्र्याला घेऊन भिंतीशी, पंचफुलावहिनी आणि देवकी त्यांच्या बाजूला.

मी उभा राहिलो. रात्रभर भाषण रचलं होतं. मुक्या जिवांची कैफियत, माणसाची निर्दयता, न्यायाचा तराजू. पहिल्या वाक्यालाच मी आवाज लावला, तोच, जो पाच हजारांच्या गर्दीत शेवटच्या माणसापर्यंत जायचा. हॉलच्या काचा थरथरल्या.

आणि तो हिंस्र श्वान अध्यक्षांच्या टेबलाखाली घुसला. डोकं आत, अर्धा भाग बाहेर. त्याचे मागचे पाय इतके कापत होते की टेबलावरची घंटी आपोआप किणकिणू लागली.

मी थांबलो. यमुताई वाकून खाली पाहत होत्या. "अगबाई," त्या म्हणाल्या, "हा तर भ्यालाय. मार्तंडराव, तुम्ही जरा हळू बोला बघू."

हळू बोलायचं म्हटल्यावर माझं भाषणच संपलं. ते हळू बोलता येणारं नव्हतंच. अनंतराव वामनरावांना म्हणाले, "भोयर, तुम्हीच सांगा काय ते." वामनराव दोन पावलं पुढं आले, माणसांकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले. ओठ हलले, आवाज नाही. उजेडात, सगळ्यांसमोर, स्वतःचं वाक्य, असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो, त्यांच्याकडे पाठ करून. "तुम्ही मागून द्या," मी म्हणालो. "मी म्हणतो."

मग माझ्या पाठीमागून तो ओळखीचा धागा कानात आला, सात वर्षांनी. मी तो शब्दन् शब्द त्यांच्याच बोलीत पुढं दिला.

"त्या रोजी चूक माही झाली. कुत्र्याची नाही. मनोहररावांची नाही. कुत्रा चावला नाही, पट्टा अडकला. तरी त्याईले लागलं, त्याईचं हसं झालं, त्याची माफी मागतो. याले कोनी हळू बोललं का हा जाते. आजवर त्याच्याशी कोनी हळू बोललंच नव्हतं, म्हनून जाते. याले वापस नेलं तर तिथं सारे ओरडतीन. हा लढनार नाही आता. हा तिथं मधात बसून माह्या आवाजाची वाट पाहीन."

टेबलाखालचं धूड त्या कुजबुजीमागं सरपटत बाहेर आलं आणि माझ्या पायांवरून वामनरावांकडे गेलं.

अनंतरावांनी चष्मा काढला. "म्हणजे त्या संध्याकाळीही तो कोणाच्या तरी हळू बोलण्यामागंच आला," ते म्हणाले. "तुम्ही प्रॉम्प्ट करत होता. कोणाला वाक्य देत होता?"

मी वाट पाहिली. मागून काही आलं नाही.

बावीस वर्षांत मी असंख्य वेळा वाक्याविना उभा राहिलो आणि दरवेळी ते खालून आलं. त्या सकाळी पहिल्यांदा वामनरावांनी मला वाक्य दिलं नाही. मला ते माहीत होतं. एका नावाचं वाक्य. जिभेवर होतं. दाराशी रामाजीनं साखळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पंचफुलावहिनींनी देवकीचा हात इतका घट्ट धरला होता की पोरगी कळवळली. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. प्रॉम्प्टरनं न दिलेलं वाक्य म्हणायचा मला अधिकार नव्हता.

खुर्ची सरकली. मनोहरराव उठले होते.

"मले देत होते," ते म्हणाले.

त्यांनी खिशातली पेनं सारखी केली. "पहिल्या वाक्यानंतर सारं गेलं माझं. यांनी दोनदा दिलं. मले घेता नाही आलं. दीड महिना पाठ केलं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "दात लागले नाहीत. खरचटलं होतं. सारे हसले म्हणून मी... ते चावल्याचं काढून टाका अर्जातून. अर्जच काढून टाका."

यमुताईंनी आपली सही असलेला कागद स्वतःकडे ओढून त्याची घडी केली. "फिरायला नेताना पट्टा हवा," त्या म्हणाल्या. "आणि ते नाव बदला आधी. असलं नाव ऐकून माणूस सही करणार नाही तर काय करेल."

"नाव हाये त्याचं दुसरं," पंचफुलावहिनी म्हणाल्या. "टोणग्या."

तसं ते समितीच्या वहीत लिहिलं गेलं. रामाजी केव्हा गेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

माणसं पांगली. मनोहरराव जायला निघाले आणि दाराशी घुटमळले. वामनरावांकडे न बघता म्हणाले, "माह्याकडे येईन का तो?"

"हळू बोलून पाहा," वामनराव म्हणाले.

"काय बोलू?"

वामनरावांनी कुत्र्याचा पट्टा सोडला. मनोहरराव आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर हळूहळू खाली बसले, आणि अगदी बारीक आवाजात, एकही शब्द न चुकता त्यांनी त्या संध्याकाळी हरवलेलं वाक्य म्हटलं. "या जंगलात माझ्या परवानगीशिवाय पानही हलत नाही." टोणग्या उठला, शेपूट हलवत सरळ रेषेत त्यांच्याकडे गेला आणि त्यानं आपलं चौकोनी डोकं त्यांच्या पट्टीवर ठेवलं.

त्यानंतर तो आठ वर्षं जगला. दर गणपतीत तो वामनरावांच्या स्टुलाखाली असे, डावीकडे. मनोहरराव पुढं चांगले नट झाले, पाठांतर चोख, तरी एंट्रीला डाव्या विंगेकडे एकदा पाहून घेत. शहाऐंशीच्या पावसाळ्यात टोणग्या झोपेतच गेला. मखमली पडद्यात गुंडाळून त्याला क्वार्टरमागच्या कडुलिंबाखाली ठेवलं. खड्डा मनोहररावांनी खणला. वामनराव त्यात उतरले, त्याला नीट निजवलं आणि वर यायला जरा वेळ लावला. काय म्हणाले ते आम्हा कोणाला ऐकू आलं नाही.

आता वामनराव निवृत्त होऊन नागपूरजवळ बेसाला राहतात. देवकी लग्न होऊन भंडाऱ्याला गेली. मी अजून महिन्यातून एकदा जातो. तिथं राख नाही, भोंगा नाही आणि घरात घाबरणारंही कोणी उरलेलं नाही. पण पंचफुलावहिनी आतून मला विचारतात, "भाऊजी, भाकर टाकू का?" ते इतक्या हळू की उठून चुलीपाशी गेल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून मी उठतो, आणि जातो.